खाकरून जायचं

बाबा,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ज्या शिकाऱ्यांना जंगलाबाहेर काढण्यात तुमची वनरक्षकाची अख्खी नोकरी गेली, त्यांच्यातल्याच एकाच्या मागे मी या नोव्हेंबरात डोंगर तुडवत होते. बंदूक त्यांच्या खांद्यावर, थर्मास माझ्या. हे ऐकून तुम्ही आधी खाकी टोपी काढून टेबलावर ठेवाल, मग मिशीवरून हात फिरवाल आणि एक शब्द न बोलता मागच्या दारात जाऊन उभे राहाल. तुमचा राग असाच चढायचा, आणि त्या पाठमोऱ्या उभं राहण्याची मला आणि आईला मारापेक्षा जास्त भीती वाटायची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी डब्लिनच्या पश्चिमेला ल्यूकनमध्ये घर केलं, मुलगी शाळेत जायला लागली, तरी हे लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा ती पाठच डोळ्यांपुढे आली. पण आता तुम्हाला मागच्या दारात जाता येणार नाही. ऐकून घ्यावं लागेल.

तो माणूस म्हणजे आमचे शेजारी. सत्तरी ओलांडलेले, बस चालवून निवृत्त झालेले. मी त्यांना मनातल्या मनात म्हातारबुवा म्हणते. इथे पहिली टाळेबंदी लागली तेव्हा आमची ओळख मागच्या भिंतीवरून हात हलवण्यापुरती होती. मग वर्षाच्या शेवटी आम्हा तिघांनाही कोविड झाला, आणि पंधरवडाभर रोज सकाळी दारात दूध, ब्रेड आणि एकदा तर चक्क कोथिंबिरीची जुडी येऊन पडत होती. बेल वाजवून म्हातारबुवा रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहायचे आणि आम्ही दार उघडलेलं दिसलं की टोपी उचलून घरी जायचे. त्याच हिवाळ्यात त्यांचा शिकारीतला जोडीदार गेला. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती, म्हणून आम्ही बाकीचे रस्त्याच्या कडेला ओळीने उभे राहिलो आणि गाडी सावकाश पुढून गेली. म्हातारबुवांनी टोपी काढली ती गाडी वळेपर्यंत पुन्हा घातली नाही.

या सप्टेंबरात त्यांची बायको ॲपल टार्ट घेऊन आमच्या दारात आली. विकलोच्या डोंगरात सरकारी जंगलाचा एक पट्टा त्यांच्या आणि त्या जोडीदाराच्या नावावर शिकारीसाठी होता. आता जोडीदार नाही, ह्यांच्या हृदयात स्टेंट, एका गुडघ्यात दम नाही, आणि ऐकायचं तर नाव नाही. "तू जंगलात वाढलीस ना गं? तो काही थांबणारा माणूस नाही. तू फक्त बरोबर चाल. पडला तर फोन कर. बाकी काही नको." मी नाही कसं म्हणणार होते? नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू तुमच्या फोटोला हात लावून शपथ मोडते आहे. मी त्याला सांगितलं, मी काठी म्हणून जाते आहे, बंदूक म्हणून नाही. हे वाक्य मला फार आवडलं होतं. दर मंगळवारी सुट्टी टाकून गाडीत बसताना मी ते स्वतःला ऐकवायची.

तुम्हाला तो डबा आठवतो? आपण नाक्याजवळच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. शहरातल्या कुणा बड्या माणसाची जीप रात्रभर जंगलात फिरली होती, आणि सकाळी तिच्यातला एक जण पितळी डबा घेऊन आईसमोर उभा राहिला. साहेबांनी पाठवलंय, म्हणाला. आईने झाकण उघडलं, आणि मला आठवतं, तिने मसाला वाटायला घेतला होता. मटण घरात महिन्यातून एकदा दिसायचं. तुम्ही आलात, डब्यातलं शिकारीचं मांस पाहिलंत, आणि पळसाखाली खड्डा खणून ते पुरलंत. मी तिथेच उभी होते. डबा धुऊन तुम्ही स्वतः चालत जाऊन परत दिलात, आणि महिन्याभरात आपली बदली झाली. सामान हलवताना पाट्याला चीर गेली, ती दाखवून आई म्हणाली, यांच्या इमानाची खूण. तेव्हापासून आपल्या घरात 'जीपवाला' ही शिवी झाली.

आणि दुसरी गोष्ट त्याच पळसापलीकडची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुमच्या मागे चालताना मी पानं न वाजवता पाऊल टाकायला शिकले होते आणि त्याचा मला केवढा अभिमान. तुम्ही मागे वळलात तर मी अगदी पाठीशी. तुम्ही दचकलात, आणि मग असे चिडलात की काय सांगू. "जंगलात चोरावानी नाही चालाचं, पोरी. गुपचूप चालते एक तं चोर, नाही तं शिकारी. आपण कोनाच्या घरात जातो तं दारात खाकरतो का नाही? मंग हे बी कोनाचं तरी घर हाय." त्या दिवसापासून मी झाडीत शिरताना खाकरते. अस्वलाला कळावं, डुकराला कळावं, वाघाला कळावं की माणूस येतंय, बाजूला व्हा. ल्यूकनच्या बागेतल्या आडोशाच्या वाटेवरही मी खाकरते, आणि गेली दोन वर्षं लोक माझ्याकडे पाहून मास्क वर ओढतात. जित्याची खोड.

म्हातारबुवांचं जंगल तुमच्या जंगलाच्या नेमकं उलट. तिथे बोलायचं नाही, जॅकेटची चेन ओढायची नाही, शिंक आली तर बाहीत जिरवायची. पहिल्या दोन-तीन खेपांना हरणं दिसली ती लांबूनच, आणि आम्ही चहा पिऊन परत आलो. इथली हरणं सांबरासारखीच दिसतात, अंगाने लहान. मला ते दिवस सुखाचे गेले, हे कबूल करते. लागवडीचं असलं, एका ओळीत उभं केलेलं असलं, तरी ते जंगल होतं. दोन वर्षं बेडरूममधल्या टेबलावर कामं केल्यावर ओल्या मातीचा वास आला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्या मंगळवारी दुपारी फाटकापाशी पोचलो तर एक जीप आधीच उभी. जीपमधून उतरलेला माणूस पन्नाशीचा, दाढी कातरलेली, बोलायला गोड. पैसे घेऊन बाहेरदेशच्या शिकाऱ्यांना हरणं दाखवायची, हा त्याचा धंदा. ओढ्यापलीकडचा पट्टा त्याच्याकडे होता. दोन वर्षं विमानं बंद, पाहुणे नाहीत, आता कुठे पहिली टोळी आली होती. "माझी चार माणसं वर मचाणांवर बसलीत, अंधार पडेपर्यंत. तेवढं ओढ्याच्या अलीकडे राहा, म्हणजे सगळं ग्रँड." म्हातारबुवांनी मान हलवली. गाडी वळल्यावर मला म्हणाले, "युवर मॅन वाईट नाही. घाईत असतो, एवढंच." ('युवर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी'.) पण बाबा, मला त्या जीपकडे पाहून तो पितळी डबाच आठवला. हिरवी होती, मागचं फळकूट पाडलेलं, आणि त्यावर धुतल्याचं पाणी अजून ठिबकत होतं.

दीडएक तासाने आम्हाला हरणी दिसली. उतारावर वाळलेल्या नेच्यांत ती एकटीच चरत होती. वारा तिच्याकडून आमच्याकडे. म्हातारबुवा तीन काठ्यांच्या टेकूवर बंदूक ठेवतात, गाल लावतात. मी त्यांच्या मागे दोन पावलांवर, ब्राऊन जॅकेटमध्ये, हालत नाही. हरणी मान वर करते, पुन्हा खाली घालते. एक कान मागे वळतो. किती वेळ गेला कोण जाणे, मला माझ्या कानातलं रक्त ऐकू येतंय. म्हातारबुवांचं चापावरचं बोट आत जातं, आणि नेमकी त्याच क्षणी मी खाकरले.

हरणीने उडी घेतली आणि गोळी सुटली. आवाज डोंगराला आपटून परत आला. ती पडली नाही. पाठ कमानीसारखी वाकवून, मागचे पाय ओढत ती उतारावरून गेली, आणि ओढा ओलांडून पलीकडच्या स्प्रूसच्या काळ्या झाडीत शिरली. म्हातारबुवांनी बंदुकीवरून गाल उचलला नाही. "पोटात," एवढंच म्हणाले. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. पोटात लागलेलं जनावर लगेच मरत नाही, बाबा, हे तुम्हाला मी काय सांगणार. रात्रभर बसतं. मागे धावलं तर उठतं आणि मैलभर जातं. म्हणून थांबायचं. आम्ही एका ओंडक्यावर बसलो, थर्मास उघडलाच नाही, आणि साडेतीनचा उजेड हळूहळू पिवळा व्हायला लागला. मला स्वतःची इतकी घृणा वाटत होती की मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते.

ओढ्यापाशी दगडावर रक्त होतं, त्यात हिरवट चोथा. पलीकडे बंदूक नेण्याचा म्हातारबुवांना हक्क नव्हता, आणि गुडघ्याने तो ओढा झेपलाही नसता. त्यांनी जीपवाल्याला फोन लावला. तो दहा-पंधरा मिनिटांत पलीकडच्या काठावर आला, खांद्याला बंदूक, छातीला रेडिओ.

"सकाळी कुत्रा घेऊन येतो आणि शोधतो," तो म्हणाला.

"सकाळपर्यंत ती जिवंत राहील," म्हातारबुवा म्हणाले. "तुलाही माहीत आहे."

"मला हेही माहीत आहे की आत चार भरलेल्या बंदुका बसल्यात. शेवटचा अर्धा तास त्यांचा आहे. दोन वर्षांनी आलेली माणसं आहेत ही. आता आत फिरलो तर आज त्यांना काही मिळायचं नाही, आणि पुढच्या वर्षी ती येणार नाहीत."

म्हातारबुवांनी पलीकडच्या झाडीकडे पाहिलं. त्यांचे ओठ निळसर दिसत होते आणि मला त्यांच्या बायकोचा चेहरा आठवला. मी जीपवाल्याला विचारलं, हे सरकारी जंगल आहे ना? पायी फिरायला कुणालाही मोकळं? तो म्हणाला, "कायद्याने मोकळं आहे, मिसेस. पण तू वेडी नाहीस."

मी वेडीच होते. बूट काढले नाहीत, तशीच पाण्यात उतरले. "मग तुमच्या माणसांना सांगा, एक बाई येते आहे." आणि पलीकडे पाय ठेवताक्षणी मी खाकरले, मोठ्याने, तुमच्यासारखी, छातीतून.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मागे जीपवाला शिव्या देत रेडिओवर ओरडतोय, बंदुका रिकाम्या करा, सगळ्यांनी, आत्ता. मी ओणवी होऊन नेच्यांवरचं रक्त शोधते आहे आणि तोंडाने अखंड बोलते आहे. काय बोलणार? तुमच्याशीच बोलत होते. बाबा, मी येते आहे. बाबा, इथे पळस नाही, सगळी एकाच जातीची झाडं. बाबा, तुमची नात मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते, तुम्ही असता तर दोघांची काय मजा झाली असती. बाबा, आज रात्री पिठलं करायचंय. आत इतका अंधार की रक्त बोटाला लागलं तरच कळत होतं. आवाज केला तर हरणी उठून पळणार, नाही केला तर कुणीतरी मला हरणी समजणार. दोन्हीकडून मरण, फक्त कुणाचं ते ठरायचं होतं. मी माझा जीव निवडला आणि बोलत राहिले. तेवढ्यात जीपवाल्याने मागून माझी बाही घट्ट धरली. "तिघांनी उत्तर दिलं," तो कानाशी म्हणाला. "वरच्या टोकाचा बोलत नाहीये. रेडिओ बंद करून बसला असणार." मग त्याने हनुवटीने पुढे दाखवलं. वीस पावलांवर, एका उन्मळलेल्या झाडाच्या मुळांशी, हरणी बसली होती. मान ताठ. आमच्याकडेच बघत होती.

आता बोलायचं नाही, असं त्याने ओठांवर बोट ठेवून सांगितलं. इथून गोळी मारली तर ती त्या मचाणाच्या दिशेने जाणार, म्हणून त्याला वळसा घालून डावीकडे जायचं होतं. आणि तोवर तिची नजर कुणीतरी धरून ठेवायला हवी होती. "तू इथेच उभी राहा. दिसेल अशी. हलू नकोस." तो गेला, आणि मी उभी राहिले, ब्राऊन जॅकेटमध्ये, संध्याकाळच्या जंगलात, जिथे एक भरलेली बंदूक कुठे बघते आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. हरणीचे डोळे माझ्यावर. तिच्या नाकपुड्या फुलताहेत, मिटताहेत. आणि बाबा, माझ्या घशात खाज सुटली. आयुष्यात कधी सुटली नव्हती अशी. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी मफलरचं टोक तोंडात कोंबलं आणि दातांनी चावलं. खाकर, माणूस आहेस हे सांग, असं अंग अंग म्हणत होतं, आणि मी खाकरले तर ती उठली असती, आणि त्या माणसाच्या गोळीपुढून किंवा दुसऱ्याच्या गोळीपुढून अंधारात गेली असती, पोट फाटलेली. मी गप्प राहिले. तुम्ही शिव्या घातल्यात तशी, चोरासारखी.

गोळीचा आवाज झाला तेव्हा क्षणभर मला वाटलं मलाच लागली. मग हरणीची मान सावकाश बाजूला झाली आणि पानांवर टेकली.

जीपवाला झाडांतून बाहेर आला आणि त्याने बंदूक रिकामी केली. "झालं," म्हणाला. वरून पावलं वाजली. तो चौथा पाहुणा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, हातात रिकामी केलेली बंदूक, मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होता. त्याने झाडांत ब्राऊन काहीतरी हलताना पाहिलं, बंदुकीची दुर्बीण त्यावर लावली. मग ते बोलतंय असं ऐकू आलं. "हरीण बोलत नाही," तो मला म्हणाला आणि हसायला गेला, पण ते हसू काही त्याला जमलं नाही. जीपवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खाली बसून हरणीच्या कानामागे हात फिरवत राहिला.

ओढ्यापाशी म्हातारबुवा जिथे सोडले तिथेच उभे होते, टोपी हातात. गोळीचा आवाज त्यांनीही ऐकला होता. मी दिसल्यावर त्यांनी ती पुन्हा डोक्यावर घातली. गाडीत हीटर लावून बराच वेळ बसल्यावर ते म्हणाले, "तू का खाकरलीस ते मला कळतं. तुझ्या वडिलांबद्दल तू सांगितलंस ना. तुला तिला वाचवायचं होतं. मी तुला दोष देत नाही." मी काचेवरचं धुकं पुसत होते. घरी नवऱ्याने सगळं ऐकलं, आधी रागावला, मग म्हणाला, "शेवटी बाबांची मुलगी." लेकीने विचारलं, "आई, डिड यू सेव्ह इट?" तो म्हणाला, नाही बेटा, पण आईने प्रयत्न केला. मी पिठलं ढवळत राहिले. 

खरं ते फक्त तुम्हाला सांगते. मी तिला वाचवायला खाकरले नाही. सवयीने तर मुळीच नाही; इतके मंगळवार मी गप्प राहिलेच होते ना. म्हातारबुवांचं बोट आत जात होतं तेव्हा मी श्वास धरून ठेवला होता, इतका वेळ की घसा कोरडा पडला, कारण ती पडावी असं मला वाटत होतं. मनापासून. आत्ता, आत्ता, असं मी मनात म्हणत होते. त्यातूनच ते खाकरणं निसटलं.

हे आईकडे पाठवलं तर ती तुमच्या फोटोपुढे ठेवायच्या आधी स्वतः वाचेल, आणि मग मला फोन करून नुसती रडेल. म्हणून ते इथेच राहील. काल भिंतीवरून म्हातारबुवांनी विचारलं, येत्या मंगळवारी येशील का, की आता पुरे? मी येते म्हटलं. नारिंगी जॅकेट आणलं आहे. त्याच्या खिशात खोकल्याच्या गोळ्या टाकून ठेवल्या आहेत, बाबा.